दिनक्रम बसतच नाही? या चुका टाळा

आमच्या फ्रिजवर आजवर चार वेळापत्रकं लागली. त्यातलं सगळ्यात देखणं निळ्या-हिरव्या स्केचपेनचं, पट्टी धरून आखलेलं होतं. ५ ला उठणे, ५.१५ प्राणायाम, ५.४५ कृषीनगर जॉगिंग ट्रॅक, ७ वाचन. बुधवारी रात्री पाहुणे आले, गुरुवारी साडेसातला जाग आली आणि शनिवारी त्याच कागदाच्या कोपऱ्यात दूधवाल्याचा हिशोब मांडला गेला.

मी नाशिकच्या सिडकोत राहते आणि घरूनच व्यापाऱ्यांचे हिशोब, जीएसटीचे रिटर्न बघते. नवरा सातपूरला शिफ्टमध्ये. एक आठवडा सकाळी सातला, पुढचा दुपारी तीनला, मग रात्री अकराला. अशा घरात दिनक्रम म्हणजे चेष्टाच, असं मला बरीच वर्षं वाटायचं. चूक भलतीकडेच होती.

घड्याळावर भिस्त

पाच-पंधराला प्राणायाम ठरला आणि पाच-चाळीसला उठलो, तर आपण प्राणायाम करत नाही, 'आजचं गेलंच' म्हणतो. घड्याळाची वेळ चुकली की पुढचं सगळं गडगडत जातं.

शेजारच्या काकूंचं बघा. त्यांनी जन्मात अलार्म लावला नसेल. नळाला पाणी आलं की भरायचं, भरून झालं की तुळशीला घालायचं, मग चहा. पाणी वीस मिनिटं उशिरा आलं तर त्यांचा दिवस वीस मिनिटं पुढे सरकतो, एवढंच. मोडत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा जर-तरच्या बेतांवर लिहिलं. नुसत्या 'करायचं आहे' पेक्षा असे बेत जास्त वेळा पार पडतात. काकूंना हे कुणी सांगावं लागलं नाही!

मी खूण म्हणून कचऱ्याची घंटागाडी धरली. ती कधी पावणेआठला येते, कधी साडेआठला, पण येते. तिचं गाणं ऐकू आलं की बादली घेऊन खाली, कचरा टाकून वर, हात धुतले की थेट लॅपटॉप. मधे मोबाईल नाही. हा 'मधे मोबाईल नाही' माझ्या अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त दिवस लागले. शेवटी मोबाईल स्वयंपाकघरात, पोळ्यांच्या डब्यामागे ठेवायला लागले.

शिफ्टवाल्यांनी वेळ नाही, क्रम पक्का करावा. नवरा कुठल्याही शिफ्टहून आला तरी बूट, आंघोळ, जेवण, दहा मिनिटं गच्ची, झोप. दुसऱ्या दिवशीचा डबा-बॅग जेवणाआधी भरून ठेवतो. रात्रपाळीच्या आठवड्यात गच्ची रद्द, कारण सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराला दिवस उजाडल्याची वर्दी मिळते. घरी येतानाही गॉगल, खोलीला जाड पडदा.

'२१ दिवसांत सवय लागते'

हे कुठून आलं? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं की रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. 'निदान' गळालं, २१ राहिले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसते, व्यायाम रेंगाळतो. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. बाविसाव्या दिवशी स्वतःला आळशी ठरवून कागद फाडणाऱ्यांत मीही होते.

दिवस ठासून भरणं

रविवार कारंजा चौकात जाऊन यायला अर्धा तास, असं आपण लिहितो. द्वारका चौकात अडकलो की तो अर्धा तास तिथेच संपतो. काम किती वेळ खाईल याचा माणूस कमीच अंदाज करतो. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. माझा उपाय साधा आहे. दुपारचा एक तास कोराच ठेवते. ११ आणि २० तारखेच्या आसपास, रिटर्नच्या गर्दीत, तो तासही जातो. तेव्हा बाकीचं सगळं सोडून फक्त घंटागाडीचा नेम पाळायचा.

रविवारची सूट

मिसळ खायला जावंच, त्याबद्दल वाद नाही. पण शनिवारी दोनपर्यंत जागरण आणि रविवारी दहाला उठणं म्हणजे घरबसल्या दूरदेशी जाऊन आल्यासारखं. सोमवारी डोकं तिकडच्याच वेळेवर चालतं. तासाभराची सूट पुरे. संध्याकाळी सातचा कडक चहाही सोडा. त्यातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात.

तरीही बसत नसेल तर

ओळीने तीन दिवस चुकलं तर दोन गोष्टी तपासा. काम फार मोठं आहे का, आणि ज्याला ते बांधलं तो खुंटाच हलतोय का? माझं 'संध्याकाळी फिरणं' मुलीच्या क्लासला बांधलं होतं आणि क्लासची वेळ दर महिन्याला बदलते. आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठवत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.

सध्या फ्रिजवर तीनच ओळी आहेत. घंटागाडी झाली की लॅपटॉप. जेवणाची भांडी झाली की उद्याची भाजी निवडायची. तिसरी फिरण्याची, तीनदा खोडलेली. या आठवड्यात ती देवाजवळच्या दिव्याला बांधून पाहतेय. दिवा लावला की चपला.