युक्तिवाद कसा वाचायचा

अकरावीला तर्कशास्त्र शिकवताना मी आधी पेन्सिल हातात घ्यायला लावते. 'म्हणून', 'त्यामुळे', 'सबब' या शब्दांना गोल करा. त्यांच्या पुढे असतो तो निष्कर्ष. 'कारण'नंतर येतं ते आधारविधान. असा शब्दच सापडला नाही, तर लेखकाला नेमकं काय पटवायचंय ते विचारा.

मग दावा केवढा आहे ते बघा. आधार खरे तर निष्कर्ष खरा असलाच पाहिजे, असं म्हणणं असेल तर युक्तिवाद निगामी. इथे मुलं हमखास फसतात ती अशी: पाऊस पडला तर रस्ता ओला होतो; रस्ता ओला आहे; म्हणून पाऊस पडला. अहो, टँकर गळला असेल! दोन्ही आधार खरे, तरी निष्कर्ष खोटा असू शकतो, म्हणजे युक्तिवाद अवैध.

निष्कर्ष फक्त संभाव्य असेल तर विगामी. युरोपात पिढ्यानपिढ्या पांढरेच हंस दिसले, म्हणून सगळे हंस पांढरे असं लोक धरून चालले. १६९७ मध्ये डच खलाशांना ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले. तरी विगमनाला कमी लेखू नका, औषधांच्या चाचण्या त्यावरच चालतात. तिथे पुरावा किती, कुठून घेतला आणि उलट दाखला कुणी शोधला का, हे तपासा.