कॉलेजचा चढाईपटू: आधी परतणं, मग गडी मारणं

गावच्या खुल्या कबड्डी सामन्यांत ५५ किलो गटात नाव काढलेला पोरगा कॉलेजच्या संघात आला की पहिल्या दोन-तीन सामन्यांत हमखास पकडला जातो. वेग तोच असतो, हिंमतही तीच. पण गावात गडी मारला की वाट मोकळी असायची, इथे हात लागल्याबरोबर मध्यरेषेच्या वाटेवर साखळी (हात धरलेले पकडणारे गडी) उभी राहते. म्हणून सराव उलटा बांधायचा. आधी परत कसं यायचं ते शिकायचं, हात कुठे लावायचा ते नंतर.

मैदान नीट नसेल तर बाकीचं सगळं वाया. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईत ओलांडायची पहिली रेघ) ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा, आणि दोन्ही कडांना १-१ मीटरची राखीव पट्टी. काळ्या जमिनीवर तशाच फक्कीच्या रेघा मारू नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्यात अंगठा अडकतो; पाऊस आला की तीच माती लोण्यासारखी निसरडी होते. वरची वीतभर काळी माती काढून मुरूम दाबा. त्यावर चाळलेली पांढरी माती, कुजलेलं शेणखत आणि आरामशीनवरचा भुसा कालवून चार बोटं थर द्या. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा. सकाळी टाचेचा ठसा उमटला पाहिजे, पण माती पायाला चिकटायला नको. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, धान निघाल्यावर बांधीतच (धानाच्या शेतातच) मैदान आखतात. तिथे धसकटं मुळासकट उपटावी लागतात. नुसती कापली तर टोकं तळपायात घुसतात.

आता परतण्याचं गणित. हात लांब करून आडवं पडलं की माणूस दोन मीटरच्या वर भरतो. म्हणजे निदान रेषेवरून सुटलेल्याला पायांनी दीड-दोन मीटरच काढायचे असतात, उरलेलं काम अंग करतं. हा हिशेब डोक्यात नसलेला गडी चार पावलं पळत जायचा प्रयत्न करतो आणि तिसऱ्या पावलाला कंबरेत धरला जातो. सरावाला कंबरेला दुपट्टा बांधा, मागून एकाने ओढून धरायचा, चढाईपटूने दोन पावलं टाकून मध्यरेषेकडे झेप घ्यायची. दोन्ही बाजूंनी ६-६ वेळा, असे ३ फेरे. पडताना हनुवटी छातीकडे, आणि भार छातीवर व हाताच्या पुढच्या भागावर घ्यायचा. मनगट टेकवून पडलात तर ते मोडतं.

पंजाने, म्हणजे पाय लांबवून बोटांनी, गडी मारताना अंगाचा भार मागच्या पायावर ठेवा. पुढचं पाऊल पूर्ण टेकलं की कोपऱ्यातल्या गड्याला घोटा आयता मिळतो. घोटा धरलाच तर पाय सरळ मागे ओढू नका. तेवढ्या वेळात बाकीचे अंगावर येतात. पकडणाऱ्याच्या खांद्यावर किंवा पाठीवर हात रोवा आणि सगळं अंग मध्यरेषेकडे फेका.

राखीव पट्टीत नवखे फार फसतात. झटापट व्हायच्या आधी तिथे पाय पडला की चढाईपटू बाद, कोणी हात लावायचीही गरज नाही. गावच्या मैदानावर ही रेघ बरेचदा पुसटच असते, त्यामुळे पाय चुकायची सवय अंगात भिनते. सरावात तिथे विटेची भुकटी टाका, रंग वेगळा दिसला की डोळा आपोआप जपतो. बोनस समोर सहा किंवा सात गडी असतानाच मिळतो, आणि एक पाय रेषेपलीकडे टेकताना दुसरा हवेत असावा लागतो. मागची टाच घासली की पंच गुण देत नाही, मग वाद घालून उपयोग नाही.

चढाई ३० सेकंदांची. मोबाईलचं घड्याळ लावून कुणीतरी मोठ्याने मोजावं: दहापर्यंत बघायचं, पंचविसापर्यंत हल्ला करायचा, शेवटचे पाच परतीला. दम, म्हणजे ‘कबड्डी-कबड्डी’ म्हणणं, मात्र समोरच्या अंगणात पाऊल पडायच्या आधी सुरू व्हायला हवा. उशीर झाला तर चढाई जाते, वर समोरच्यांना गुणही मिळतो.

डुबकीचा, म्हणजे वाकून साखळीखालून निसटायचा, मोह आवरा. प्रदीप नरवालने प्रो कबड्डीत चढाईचे हजार गुण सगळ्यांत आधी गाठले, आणि डुबकी त्याच्या नावावरच चिकटली. पण साखळीतले हात उंच असतील आणि तुमची कंबर गुडघ्याच्या पातळीला उतरत असेल, तरच तिचा उपयोग. मान खाली घालून घुसलात तर गडी वरून पाठीवर बसतो. पहिलं वर्ष हात, पंजा आणि बोनस एवढंच पुरे.

आठवड्यात तीन दिवस चढाई, दोन दिवस ताकद. एका पायावरच्या बैठका ३ फेरे, प्रत्येकी ८. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघे टेकून, कुणाकडून घोटे दाबून धरून, अंग हळूहळू पुढे सोडायचं: ३ फेरे, प्रत्येकी ५. हा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. कबड्डीत गुडघा जातो तो बहुतेक वेळा पाऊल जमिनीत रुतलेलं असताना अंग वळल्यामुळे. मॅटवर ही भीती जास्त, कारण बूट मॅटला चिकटून धरतो आणि मातीसारखा घसरू देत नाही. विद्यापीठाचा सामना मॅटवर असेल तर निदान दोन आठवडे आधी बूट घालून सराव सुरू करा. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे साडेपाचला मैदानात उतरा आणि सातला सराव थांबवा. एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मैदानावर हवंच.

वजनगटाचा तमाशा वेगळाच. दोन किलो उतरवायला पोट्टे आदल्या दिवसापासून उपाशी राहतात, काट्यावर पास होतात, आणि रात्री अकराच्या सामन्यात पायात गोळे येऊन बसतात. कॉलेजच्या खुल्या गटात मर्यादा ८५ किलोपर्यंत असते, तिथे हलकं असणं तोट्याचंच. ६० किलोच्या पोराला दिवसाला ९०-९५ ग्रॅम प्रथिनं लागतात: भाकर-वरणासोबत चार अंडी, ५० ग्रॅम सोयाबीन वडी, मूठभर भिजवलेले चणे आणि शेंगदाणे, रोज. दिवाळीनंतर मंडईच्या (गावोगावच्या जत्रांच्या) दिवसांत आठवड्यात पाच रात्री बक्षिसांचे सामने खेळू नका. विद्यापीठाच्या स्पर्धांचा हंगाम बहुधा तेव्हाच असतो आणि सुजलेल्या गुडघ्याला निवड समिती ओळखत नाही.

शिडी अशी: आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून विद्यापीठाचं शिबिर, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. त्याला समांतर जिल्हा संघटनेची वाट आहे. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, म्हणजे जागा आपल्याच पोरांसाठी आहेत. प्रवेश झाला की त्याच आठवड्यात क्रीडा शिक्षकाकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाची पावती आणि फोटो देऊन पात्रता अर्ज भरा. वयाची आणि शिक्षणातल्या खंडाची अट त्या वर्षीच्या पत्रकातून वाचा, सिनिअरच्या तोंडून नको.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण कोणत्या स्पर्धेतला कितवा क्रमांक कोणत्या गटाच्या पदाला चालतो, हे शासन निर्णयात ठरलेलं असतं आणि नुसत्या सहभागावर भागत नाही. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते, आपल्याकडे नागपूर आणि अमरावतीला. भरतीची जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच अर्ज टाका. आणि प्रमाणपत्र हातात पडताच, मैदानावरच, दहावीच्या गुणपत्रिकेशी नाव ताडून बघा. वेलांटी चुकली असेल, वडिलांचं नाव गळलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. सही करणारा आणि शिक्का ठेवणारा हे दोघं स्पर्धा संपल्यावर पुन्हा एका जागी सापडत नाहीत.