इग्बोतला ‘क्व’ मराठी तोंडात कसा बसवायचा

नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो भाषेत क्व, ग्व आणि ङ्व ही जोडाक्षरं नाहीत, एकेकटी व्यंजनं आहेत. तिच्या 36 अक्षरी वर्णमालेत तिघांनाही स्वतंत्र जागा आहे. आपण ‘पक्व’ म्हणतो तेव्हा क दुप्पट होतो, व मागून येतो. इग्बोत जीभ मागे टेकलेली असतानाच ओठ गोल झालेले असतात. सगळी मेख इथेच.

फोनचा सेल्फी कॅमेरा लावा आणि ‘कोपरखैरणे’ म्हणायच्या बेतात या. आवाज फुटायच्या आधीच ओठ गोल होतात, कारण पुढे ओ आहे. तिथेच थांबा. ओठ तसेच ठेवून ‘का’ सोडा, झाला क्वा. ‘गोठिवली’वरून तसाच ग्वा काढा. मग ‘कळवा’ म्हणून बघा, सुरुवातीला ओठ सैल राहतात. हा फरक कॅमेऱ्यात स्पष्ट दिसला की आका (हात) आणि आक्वा आलटून पालटून म्हणा.

‘कुवा’ ऐकू आलं तर ओठ उशिरा सुटताहेत; अक्षरागणिक टाळी वाजवली तर क्वावर एकच बसायला हवी. ‘आक्-क्वा’ झालं तर ती आपली ‘पक्व’ची सवय. आणि ओठ चुकून मिटले तर ते वेगळंच व्यंजन होतं, क आणि प एकदम: आक्पा म्हणजे पिशवी. क्वला ओठांत फट राहिलीच पाहिजे.

खरा घाम ङ्व काढतो. रोमन लिपीत तो एन-डब्ल्यू असा लिहितात, म्हणून जीभ दातांकडे धावते आणि ङ्वा (मूल) या शब्दाचा न्वा होतो. ‘वाङ्मय’ म्हणा, पण ‘वांग्मय’ नको. ङवर थांबा, जिभेचं टोक खालच्या दातांमागे पडू द्या, नाकातला आवाज चालू ठेवून ओठ गोल करा, मग आ.

ध्वनिमुद्रण घरी, पंखा बंद करून. ठाणे–वाशी लोकलमध्ये सराव होतो, तपासणी नाही. प्रात (Praat) हे आवाजाचं चित्र दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर असेल तर आका आणि आक्वा शेजारी ठेवा: क्वनंतर आ सुरू होताना दुसरा फॉर्मंट (चित्रातल्या आवाजाच्या गडद पट्ट्यांपैकी खालून दुसरा) खालून वर चढताना दिसतो. सपाट असेल तर ओठ गोल झालेच नाहीत.

सूर, म्हणजे आवाजाची उंची, शेवटी घ्या; इग्बोत तिनं अर्थ बदलतो. आक्वा उच्च-उच्च म्हणजे रडणं, उच्च-नीच कापड, नीच-उच्च अंडं, नीच-नीच पलंग. छापील मजकुरात सुरांच्या खुणा बहुधा नसतात, त्यामुळे शब्द वहीत उतरवतानाच त्या घालून ठेवा.