समोर कोण बसणार? भाषण लिहिण्याआधीची विचारपूस

भाषण लिहायला बसण्याआधी आयोजकांना फोन करा. ‘श्रोते कोण आहेत?’ असं मोघम विचारलं की ‘सगळेच असतात’ असं मोघम उत्तर येतं. म्हणून नेमकं विचारा. किती जण येतील? सर्वात लहान आणि सर्वात मोठं वय काय, जास्त भरणा कोणत्या वयाचा? कामधंदा, शिक्षण, घरी बोलायची भाषा? आपणहून येणार की पाठवलेले? या विषयाचं त्यांनी आधी काय ऐकलंय? शेवटचे दोन प्रश्न हमखास राहून जातात, आणि आमच्या मते वयापेक्षाही फरक पडतो तो त्यांनीच.

सरासरी वय मात्र काढू नका. निम्मे २० वर्षांचे, निम्मे ६० चे असतील तर सरासरी ४० येते आणि चाळिशीतलं सभागृहात कुणीच नसतं. अशा वेळी भाषणानंतर ज्यांनी काही करायचं आहे तो गट मुख्य धरा. बहुतेक उदाहरणं त्यांची घ्या, दुसऱ्या गटासाठी निदान एक ठेवा.

मग प्रत्येक उत्तरापुढे लिहा: यामुळे माझं कोणतं वाक्य बदलेल? एकही बदलत नसेल तर ती माहिती सोडून द्या. समजा, मीठ कमी खाण्याबद्दल बोलायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे. डॉक्टरांसमोर ‘सोडियम २ ग्रॅमच्या आत’ एवढं पुरे. घरचं सामान भरणाऱ्यांना ५ ग्रॅम डोळ्यांसमोर येत नाहीत. त्यांना सांगा, ‘घरात चार मोठी माणसं असतील तर महिन्याला सगळं धरून ६०० ग्रॅमच्या आत.’ पाकीटबंद खाणाऱ्या तरुणांना लेबल वाचायला शिकवा: सोडियमचा आकडा गुणिले अडीच म्हणजे मीठ. मुद्दा तोच, वाक्यं तीन.

इथेच एक चूक होते. समोर बायका दिसल्या की स्वयंपाकाची उदाहरणं, तरुण दिसले की मोबाइलची. वय, लिंग, शिक्षण यांवरून फक्त अंदाज बांधता येतो. घरचं सामान कोण भरतं हे विचारूनच कळतं.

ज्येष्ठ श्रोते असतील तर वेग सांभाळा. वयोमानानुसार आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात. ओरडून ती परत येत नाहीत. शब्द सुटे, स्वच्छ उच्चारावे लागतात. मिनिटाला १२० शब्द बोलत असाल तर १०० वर या. म्हणजे दहा मिनिटांच्या भाषणातले २०० शब्द घरीच कापा.

जुन्या घटनांचे दाखले देताना वजाबाकी करा. २५ वर्षांच्या श्रोत्याच्या लेखी २० वर्षांपूर्वीची घटना ही ऐकीव गोष्ट असते. तिला एक वाक्य पार्श्वभूमी द्या, नाहीतर दाखला बदला.

कार्यक्रमाला वीस मिनिटं आधी पोहोचा आणि तीन-चार श्रोत्यांशी बोला. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारून हात वर करायला सांगा. अंदाज चुकल्याचं दिसलं तर कोणता परिच्छेद गाळायचा, त्याची खूण कागदावर आधीच करून ठेवा.