घाटासाठी मोटरसायकलचं सस्पेन्शन घरी कसं जुळवायचं

"मागनं गाडी बसतीय" असं गॅरेजात सांगून बघा. मेकॅनिक हुकाचा पाना उचलतो, मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला टेकलेली रिंग शेवटच्या खाचेपर्यंत फिरवतो आणि म्हणतो, "जावा आता, नाद खुळा!" मी या सल्ल्यावर दोन वर्षं गाडी चालवली. त्याआधी वैभववाडीहून करूळ घाट चढून येताना एका वळणावर गाडी रुंद जाऊन पलीकडच्या बाजूला सरकली होती. समोरून एसटी उतरत होती. मागे बायको, दोन बॅगा आणि आंब्याची पेटी होती. शॉकअप मागे इतका बसला होता की पुढचं चाक हलकं पडून वळायलाच तयार नव्हतं. घरी आल्यावर रिंग कडक करून घेतली. मग एकटा असलो की मागचं चाक उसाच्या ट्रॅक्टरांनी खणलेल्या रस्त्यावर बेडकासारखं उड्या मारायला लागलं. एका चुकीवर दुसरी चूक बसली होती, आणि मोजलं मात्र एकदाही नव्हतं.

पुढचं सगळं साध्या मोटरसायकलसाठी आहे, म्हणजे पुढे टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्या) आणि मागे मोनोशॉक (मधे एकच शॉकअप). मागे दोन शॉकअप असले तरी रीत हीच, फक्त दोन्हीकडच्या खाचा सारख्या ठेवा.

आधी एवढं बघून घ्या

टायरची हवा थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश, कोनसेट (हँडलचे बेअरिंग) आणि चाकाचे बेअरिंग यांत खेळ असेल तर आधी ते बदला. फोर्कच्या सीलमधून तेल गळत असेल तर पुढचं वाचूच नका, सील बदलून या.

सामान: मीटर टेप, मास्किंग टेप, स्केच पेन, केबल टाय, हुकाचा पाना, वही आणि दोन मित्र. मित्र दोनच पाहिजेत. एकट्यानं करता येतं असं सांगणाऱ्यानं ते एकदाही केलेलं नसतं.

सॅग मोजणं

इथंच सगळे चुकतात, आणि मी सगळ्यांत जास्त चुकलोय.

सॅग म्हणजे चाक हवेत लोंबकळत असताना सस्पेन्शन जितकं लांब असतं, त्यातून वजन आल्यावर ते किती बसतं. फक्त गाडीच्या वजनानं बसतं ती फ्री सॅग. तुम्ही बसल्यावर एकूण जितकं बसतं ती रायडर सॅग. घाटरस्त्यासाठी रायडर सॅग एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक वरखाली जितकं हलू शकतं त्याच्या, ३० टक्क्यांच्या आसपास धरा. एक्सपल्स २०० ४व्हीला मागे १७० मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे साधारण ५१. हिमालयन ४५०ला २०० मिमी, म्हणजे ६०. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलात असतो. तो शॉकअपच्या हालचालीचा नाही, चाकाच्या हालचालीचा घ्यायचा, हे डोक्यात पक्कं बसवा. मी पहिल्यांदा टेप थेट शॉकअपला लावला होता. शॉकअप १८ मिमी दबला, तर मला वाटलं सॅग १८. प्रत्यक्षात चाक त्याच्या अडीच-तीन पट हललं होतं.

मोजायची जागा ठरवा. मागच्या एक्सलच्या बरोबर वर, शेपटीच्या पॅनेलवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेनानं रेघ मारा. प्रत्येक वेळी एक्सलच्या मध्यापासून त्याच रेघेपर्यंत मोजायचं. टेप जरा तिरका धरला तरी पाच-सहा मिलिमीटर कुठल्या कुठं जातात.

पहिला आकडा मागचं चाक पूर्ण हवेत असताना. डबल स्टँड असेल तर काम सोपं. नसेल तर एक मित्र गाडी साइड स्टँडवर कलवून मागचं चाक उचलून धरेल, तोवर दुसऱ्यानं मोजायचं. सर्व्हिसिंगला वापरतात तो पॅडॉक स्टँड इथं चालत नाही. तो गाडी चिमट्यालाच धरून उचलतो, त्यामुळे चाक वर गेलं तरी गाडीचं वजन शॉकअपवरच राहतं. मी त्याच स्टँडवर मोजून सॅग "छान कमी" आली म्हणून खूष झालो होतो.

आता सगळ्यांत अवघड भाग. गाडी जमिनीवर ठेवली आणि मोजली, तर एक आकडा येईल. तीच गाडी हलवून पुन्हा मोजली, तर दुसरा. तिसऱ्यांदा तिसरा. माझ्या वहीत एका संध्याकाळचे सहा आकडे आहेत आणि सहाही वेगळे. टेप खराब असेल म्हणून मी दुसरा टेप आणला. टेपचा काही दोष नव्हता. सील, बुश आणि लिंकेज (शॉकअप चिमट्याला जोडणाऱ्या पट्ट्या) यांच्या घर्षणामुळे सस्पेन्शन मधेच अडकून राहतं. खालून वर आलं तर जरा खाली अडकतं, वरून खाली आलं तर जरा वर. म्हणून मोजायचं दोनदा. आधी सीट चांगली दाबून अगदी हळू सोडा आणि मोजा. मग मागून गाडी उचलून अगदी हळू सोडा आणि मोजा. दोन्हींची सरासरी हा खरा आकडा. सोडताना घाई केली, गाडी टुणकन उडाली, तर तो आकडा रद्द.

तुमचा आकडा घेताना रायडिंग जॅकेट, हेल्मेट, बूट सगळं घालून बसा. पाय फूटपेगवर. इथं बहुतेक लोक जमिनीवर पायाची बोटं टेकवून बसतात आणि दहा-बारा किलो वजन जमिनीवर देऊन टाकतात. एका मित्रानं समोरून हँडल धरायचं, दुसऱ्यानं मागं बसून मोजायचं. नेहमी बसता तसे बसा, टाकीवर झुकू नका.

माझ्या वहीतलं एक पान, मागे १८० मिमी ट्रॅव्हलच्या गाडीचं. चाक हवेत: ६१२. गाडी एकटी: दाबून सोडल्यावर ५९०, उचलून सोडल्यावर ५९८, सरासरी ५९४. म्हणजे फ्री सॅग १८. मी बसून: ५५१ आणि ५६३, सरासरी ५५७. रायडर सॅग ५५, म्हणजे ३० टक्क्यांच्या किंचित वर. हे बरोबर बसलेलं पान आहे. त्याआधीची चार पानं मी फाडून टाकली आहेत. तुमच्या दाबलेल्या आणि उचललेल्या आकड्यांत पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल, तर लिंकेजला ग्रीस लागलेलं नाही. आधी ते काम.

रिंग फिरवणं, आणि तिच्याबद्दलचा खोटा समज

रिंग फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. हे वाक्य गॅरेजात बोललं की लोक हसतात, पण स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती वजन लागतं हे तारेच्या जाडीवर, वेटोळ्यांच्या संख्येवर आणि त्यांच्या व्यासावर ठरतं. रिंग यातलं काहीच बदलत नाही. ती फक्त गाडी मागून किती उंच उभी राहणार ते ठरवते. कडक वाटतं, कारण फ्री सॅग संपते. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच उरत नाही, मग ते उड्या मारतं.

त्यामुळे रिंग फिरवून रायडर सॅग जागेवर आणा आणि मग फ्री सॅग परत बघा. ट्रॅव्हलच्या दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे. रायडर सॅग बरोबर आहे, पण फ्री सॅग जवळपास शून्य, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे आणि तुम्ही ती दाबून दाबून उभी केली आहे. याच्या उलट रायडर सॅग बरोबर आणि फ्री सॅग भरपूर, तर स्प्रिंग कडक आहे. बहुतेकांना हे उलटं वाटतं. मला समजायला एक पावसाळा लागला. दोन्ही वेळी रिंगशी खेळण्यात अर्थ नाही, स्प्रिंगच बदलायची.

फिरवायच्या आधी रिंगवरचा चिखल ब्रशनं काढा, स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा. गाडी वजनाखाली असताना फिरवू नका, मागचं चाक हवेत असताना फिरवा. छन्नी-हातोडी तर अजिबात नको. माझी रिंग एकदा दुसऱ्या कुणीतरी छन्नीनं ठोकून फिरवली, त्या खाचा आजही तुटलेल्या आहेत, आणि पाना त्यावरून घसरून माझी बोटंही सोलली आहेत. खाचांची रिंग असेल तर एकेक खाच, आट्यांची असेल तर अर्धा-अर्धा फेरा. मोनोशॉकची रिंग एक मिलिमीटर सरकली की चाकापाशी साधारण दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, हे लक्षात ठेवून थोडं थोडं फिरवा.

मागे माणूस बसणार असेल तर तोही बसवूनच मोजा. बायको आणि बॅगा बसल्यावर माझी सॅग ८४ मिमीवर गेली होती, म्हणजे निम्म्याच्या जवळ. करूळच्या वळणावर गाडी रुंद का गेली याचं उत्तर त्या एका आकड्यात होतं. जोडीनं जाण्याची खाच वेगळी नोंदवून ठेवा, म्हणजे गगनबावड्याला निघायच्या आदल्या रात्री वहीत बघून पाच मिनिटांत काम होतं.

मोनोशॉक घरी उघडायचा नाही. आत नायट्रोजन दाबानं भरलेला असू शकतो. मित्रानं व्हिडिओ बघितला आहे म्हणून तर मुळीच नाही.

पुढचा फोर्क

सॅग तशीच मोजायची, फोर्कच्या क्रोम नळीचा दिसणारा भाग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दाबून आणि उचलून सोडायचं विसरू नका, फोर्कमध्ये घर्षण मागच्यापेक्षा जास्त असतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या फोर्कला वरून काही फिरवायला दिलेलं नसतं. सॅग जास्त असेल तर स्प्रिंगवर स्पेसर (नळीचा तुकडा) घालावा लागतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याला माप सांगितलं की तासाभरात दोन तुकडे हातात पडतात. दोन्ही एकसारखे हवेत, मोजायला व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा.

तेल जुनं असेल तर ते आधी बदला, नाहीतर तुम्ही घाणीचं सस्पेन्शन लावत बसाल. तेलाची पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून मोजतात. फोर्कच्या दोन्ही पायांत सारखीच. पातळी वाढवली तर फक्त शेवटचा ट्रॅव्हल कडक होतो, सुरुवात तशीच राहते. म्हणून ब्रेक मारल्यावर फोर्क तळाला आपटत असेल तेव्हाच पाच-दहा मिमी वाढवा.

एका क्रोम नळीला केबल टाय बांधा. घाट करून आल्यावर तो कुठवर ढकलला गेलाय ते बघा. एखाद्या खोल खड्ड्यात शेवटपर्यंत गेला तर चालेल. प्रत्येक ब्रेकला जात असेल तर नाही.

गाडी वळायला जड वाटत असेल तर फोर्क वरच्या टीमधून (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या पट्टीतून) पाच मिमी वर काढता येतो. पण काढल्यावर फोर्क पूर्ण दाबला गेला तर मडगार्ड खालच्या टीला लागणार नाही ना, हे बघा. मागची सॅग लावायच्या आधी हे करू नका. तेव्हा तुम्ही मागच्या बसलेल्या शॉकअपची चूक पुढे लपवत असता.

रिबाउंडचा स्क्रू असेल तर

रिबाउंड म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत वर येणं; त्याचा वेग ठरवणारा हा स्क्रू बहुतेकांच्या गाडीला नसतो. असेल तर सीट दाबून सोडा: मागचा भाग एकदा वर येऊन थांबला पाहिजे, पुन्हा खाली डोलला तर दोन क्लिक बंद करा, रांगत वर आला तर दोन क्लिक उघडा. आधी स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बंद करून मूळ क्लिक मोजून लिहून ठेवा.

रस्त्यावर तपासणं

थेट मोठ्या घाटात जाऊन तपासू नका, घाट चुका सांगत नाही, शिक्षा देतो. केर्लीवरून जोतिबा किंवा वाघबीळवरून पन्हाळा, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर. रविवारी नको, भाविकांच्या जीपगाड्या असतात. तेच वळण, तोच वेग, टायरची तीच हवा. एका फेरीला एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि गाडी सुधारली, तर कुठल्यानं सुधारली हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि बिघडली तर आणखी वाईट.

वळणावर गाडी रुंद जात असेल तर बहुतेक वेळा मागचं बसलंय. वळताना एकदम आत पडत असेल, हँडल अस्थिर वाटत असेल, तर मागचं उंच झालंय. एकामागून एक खड्ड्यांवर मागचं हळूहळू खाली बसत गेलं तर रिबाउंड जास्त बंद आहे.

सगळं जमल्यावर आकडे एका कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटखाली ठेवा: एकट्याची खाच, जोडीची खाच, हवा, क्लिक. पुढच्या वेळी गॅरेजात कुणी पाना उचलला तर तो कागद दाखवा. आणि शॉकअप नवीन असेल तर हजारेक किलोमीटरनंतर फ्री सॅग पुन्हा एकदा मोजा, नवी स्प्रिंग तोवर थोडी बसलेली असते.