इंग्लंडमधली वंशावळ शोधताय? जुनी मृत्युपत्रं आणि चर्चची रजिस्टरं बघताना या चुका टाळा

हल्ली बऱ्याच मराठी घरांत सून नाहीतर जावई इंग्रज असतो, मग नातवंडांच्या फॅमिली ट्रीमध्ये आपली बाजू मूळ गाव, कुलदैवत आणि त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्या यांच्या जोरावर भरते, पण पलीकडच्या बाजूला पणजोबांच्या वर सगळे चौकोन रिकामे. इंग्लंडात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे, तिथपर्यंत फारसं अडत नाही. त्याच्या मागे गेलात की चर्चची पॅरिश रजिस्टरं (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग; ही रजिस्टरं राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने १५३८ पासून सुरू झाली) आणि मृत्युपत्रं, आणि माणसं चुकतात ती इथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नाव जुळलं की उडी मारायची. वेबसाइट सुचवते "हा बघा तुमचा विल्यम टेलर", आपण क्लिक करतो आणि तिथून वरचं अख्खं झाड दुसऱ्याच घराण्याचं होऊन बसतं. एकाच पॅरिशमध्ये तीन विल्यम टेलर सहज असतात, कारण आजोबांचं नाव चुलतभावांनी सगळ्यांनीच आपापल्या पोराला ठेवलेलं असतं. त्यामुळे बाप्तिस्मा सापडला की लगेच दफनाची नोंद शोधा, ते पोर दोन महिन्यांत गेलं असेल तर तो तुमचा माणूस नाहीच, आणि गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्याला ठेवायची तिकडे सर्रास पद्धत होती. शेजारच्या चार-पाच पॅरिशही बघा, माणसं कामासाठी आणि लग्नासाठी तेवढी तर फिरायचीच.

बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून लिहू नका. कधी आठवड्यात उरकायचे, कधी चार भावंडांना एकदम न्यायचे. १७८३ ते १७९४ मध्ये तर प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरिबांना माफ, मग लोक काय करणार, थांबायचे.

तारखांवरून अजून एक घोळ होतो. १७५१ पर्यंत इंग्लंडात कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे एप्रिल १७२० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७२० मध्ये मूल असं दिसलं तर उगाच भुवया उंचावू नका, तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७२१ चा, लग्नानंतर दहा महिन्यांनी. अशा तारखा १७२०/२१ अशा लिहायच्या म्हणजे नंतर वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

आता मृत्युपत्रं. १२ जानेवारी १८५८ पासून एकच सरकारी प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून ग्राह्य ठरवून घेण्याची) व्यवस्था आहे, वर्षवार इंडेक्स आहे, काम सोपं. त्याआधी हे सगळं चर्चच्या कोर्टांकडे होतं आणि ती कोर्टं ढीगभर. ज्याची मालमत्ता एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत पसरलेली त्याचं मृत्युपत्र दक्षिणेत कँटरबरीच्या आणि उत्तरेत यॉर्कच्या वरच्या कोर्टात जायचं. कँटरबरीची १३८४ ते १८५८ ची रजिस्टरं लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहेत आणि ऑनलाइन दिसतात, म्हणून लोक तेवढंच शोधतात आणि "आमच्याकडे कुणी मृत्युपत्र केलंच नाही" म्हणून मोकळे होतात! अहो, साध्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र बहुतेक वेळा स्थानिक कोर्टात असतं आणि ते आज त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात मिळतं. यॉर्कची बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. याच्या उलट १६५३ ते १६६० मध्ये चर्चची कोर्टं बंदच होती, तेव्हा सगळ्या देशाचं काम लंडनला. आणि घराणं डेव्हनचं असेल तर आधीच मन घट्ट करा, तिथल्या एक्सेटर शहरात ठेवलेली बरीचशी मृत्युपत्रं १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, मात्र १८१२ ते १८५७ मधल्या काहींच्या करखात्याकडच्या प्रती उरल्यात, त्या जरूर बघा.

मृत्युपत्र हातात आलं की पुढची चूक ठरलेली: त्याला कुटुंबाची यादी समजायचं. ते लिहिलंय उरलेली मालमत्ता वाटायला. थोरल्याचं नावच नाही किंवा त्याला फक्त एक शिलिंग, म्हणजे बापलेकाचं वाजलं असंच नाही, बऱ्याचदा त्याला जमीन आधीच मिळालेली असते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८८२ च्या कायद्याआधी लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र सहसा करता यायचं नाही, त्यामुळे ते न सापडणं साहजिक आहे. पण विधवा आणि बिनलग्नाच्या आत्या-मावश्या यांची मृत्युपत्रं मला सगळ्यात भारी वाटतात, एकेका भाचीला एकेक चमचा, अंगठी, गादी असं नावानिशी वाटलेलं, शिवाय भाच्यांची लग्नानंतरची आडनावंही फुकटात मिळतात. फक्त नात्याचे शब्द जपून वाचा, तेव्हाचा 'सन-इन-लॉ' सावत्र मुलगाही असू शकतो आणि 'कझिन' म्हणजे चक्क पुतण्यासुद्धा.

इंडेक्सवर विसंबू नका, मूळ पानाचा फोटो उघडाच. जुन्या हस्ताक्षरात लांब एस हा एफसारखा दिसतो आणि टाइप करणारा त्यातून नवीनच आडनाव तयार करतो. पान फाटलेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवायची जी नक्कल असे ती मागा. १६४० ते १६६० मधली पोकळी मात्र यादवी युद्धाची आहे, तिथे नोंद नसणं म्हणजे माणूस नव्हता असं धरू नका.

आणि एखादा मुलगा विशीत अचानक गायब झाला, ना लग्न ना दफन, तर इंग्लंडातच उकरत बसू नका, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आपल्याकडे आलेला असू शकतो. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/३ या मालिकेत आहेत, मुंबईत प्रोबेट झालेल्या मृत्युपत्रांच्या प्रतीही त्याच संग्रहात सापडतात. तिथे शोधताना दफनाच्या नोंदींपासून सुरुवात करा, कारण यातले बरेच जण परत गेलेच नाहीत.