मिलान–सानरेमोच्या वाटेवर शर्यतीपलीकडचं बघायचं असेल तर
१९०७ पासून चालत आलेली इटलीतली ही मार्चमधली सायकल शर्यत जवळपास ३०० किलोमीटरची आहे. सगळी पाहायचा हट्ट धरू नका. तुर्किनो खिंडीनंतर रस्ता समुद्राला भिडतो, आणि खरा ऐवज शेवटच्या साठेक किलोमीटरमध्ये आहे.

थांबायला माझी पहिली पसंती चेर्व्हो. शर्यतीचा रस्ता या गावाच्या पायथ्याशी जातो, त्यामुळे सायकलस्वारांना वर मान करायलाही फुरसत नसते. तुम्ही मात्र वर चढा. समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं तिथलं बरोक शैलीतलं चर्च पोवळी काढणाऱ्या मच्छीमारांच्या कमाईतून बांधलं गेलं, असं सांगतात. गल्ल्या दगडी आणि चढाच्या आहेत. सायकलचे क्लीटवाले (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले) बूट घालून गेलात तर घसरलातच म्हणून समजा.

अलास्सिओत नामवंतांच्या सह्यांच्या फरशा बसवलेली भिंत आहे. फोटोपुरती ठीक.

सानरेमोत शेवटची रेषा व्हिया रोमा या रस्त्यावर असते. गर्दी ओसरली की ला पिन्या या जुन्या वस्तीत शिरा. आल्फ्रेड नोबेल १८९६ मध्ये ज्या बंगल्यात वारले, तोही याच शहरात आहे. आत जायचं तर उघडण्याच्या वेळा आधी तपासा.

शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद असतात, म्हणून सानरेमोआधीच्या गावांतली भटकंती आदल्या दिवशी उरका. जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलमार्ग सान लोरेंझो ते ऑस्पेदालेत्ती असा २४ किलोमीटर किनाऱ्यालगत, जवळजवळ सपाट जातो.